पाठीवरच्या तीस वाट्या

गेल्या शुक्रवारी त्वचेच्या डॉक्टरांनी माझ्या फाइलवर ‘गरज वाटली तरच या’ असं लिहिलं आणि चौदा महिने चाललेलं प्रकरण एकदाचं मिटलं. या काळात मी रात्री जागून इतरांचे अनुभव शोधायचे आणि आपल्या भाषेत फारसं काही हाती लागायचं नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवते आहे. वासाने त्रास होतो म्हटल्यावर ज्यांना ‘तुझं आपलं काहीतरीच’ हे ऐकून घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी.

सुरुवात ऑगस्टमध्ये, उजव्या पापणीपासून झाली. कडेला लालसर, कोरडा पट्टा उठला. दोन दिवसांनी त्याचा पापुद्रा निघायला लागला. काजळ बंद केलं, काही फरक नाही. सप्टेंबरमध्ये दुसरी पापणी, मग मानेची मागची बाजू, मग काखेच्या पुढचा भाग. खाज अशी की रात्री झोपेत ओरबाडायचे आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे.

त्याच सुमारास दुसरं एक दुखणं मागे लागलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये ठरावीक वेळाने आपोआप फवारा मारणारं यंत्र बसवलं होतं. आत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत उजवी कानशिलं ठणकायला लागायची, घसा खवखवायचा, कोरडा खोकला यायचा. लिफ्टमध्ये कुणी उग्र परफ्युम मारून आलं असेल तरी तेच. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्वचेसाठी मी एका डॉक्टरांकडे जात होते आणि डोकेदुखीसाठी रोज रात्री उशीवर लव्हेंडर तेलाचे दोन थेंब टाकत होते. ही बाटली लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

नोव्हेंबरमध्ये पहिल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कोरडी त्वचा म्हणून सौम्य स्टेरॉइड मलम दिलं. पाच दिवसांत चेहरा स्वच्छ झाला. मलम थांबवल्यावर दहाव्या दिवशी सगळं परत. डिसेंबरमध्ये पुन्हा तेच मलम, पुन्हा तेच. जानेवारीत खोकला वाढला तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. खोकला गेला, खाज गेली, वाटलं सुटलो. कारण मात्र जागच्या जागी होतं, म्हणून पंधरा दिवसांत सगळं परतलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मलमाची चिठ्ठी लिहिली नाही. आधी विचारलं, “अंगाला, केसांना, कपड्यांना काय काय लावता? उशीला काय लावता?” मला चार वस्तू आठवल्या. त्या म्हणाल्या, “घरी जाऊन प्रत्येक बाटलीचा मागच्या बाजूचा फोटो काढा आणि पंधरा दिवस वही लिहा. त्रास कधी सुरू झाला, त्याआधीच्या दोन दिवसांत काय काय संपर्कात आलं, ते सगळं.”

फोटो काढायला बसले तर घरात सुवासिक वस्तू निघाल्या तेवीस. शाम्पू, कंडिशनर, हँडवॉश, डिओ, दोन प्रकारची लोशनं, ओले टिश्यू, लिपबाम, कपडे धुण्याची पावडर, फॅब्रिक कंडिशनर, फरशी पुसायचं लिक्विड, भांड्याचं लिक्विड, गाडीतला फ्रेशनर, कपाटातल्या पुड्या, कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा. बहुतेकांच्या मागे घटकांच्या यादीत शेवटी एकच शब्द, ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्युम’. त्या एका शब्दाखाली कित्येक निरनिराळी रसायनं असू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

वहीने मात्र मला जागं केलं. सातव्या-आठव्या दिवशी पानं चाळताना दिसलं की माझे त्रास दोन वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. डोकं आणि घसा, संपर्कानंतर काही मिनिटांत. त्वचा, एक ते दोन दिवसांनी. अंथरुणाला नव्या धुतलेल्या चादरी घातल्या की तिसऱ्या सकाळी पापणी सुजलेली. इतके महिने मी ‘काल काय लावलं’ एवढंच आठवत होते आणि दोषी वस्तू परवाची असायची.

डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली आणि समजावून सांगितलं ते असं. त्वचेवरची सुगंधाची ॲलर्जी बहुतेक वेळा उशिरा उमटणाऱ्या प्रकारची असते. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशी एखादा रेणू एकदा ‘शत्रू’ म्हणून ओळखायला शिकल्या की पुढच्या प्रत्येक भेटीला त्या जमा होतात, आणि त्यांना जमायला एक-दोन दिवस लागतात. डोकेदुखी, खोकला, छाती आवळणं हे निराळं. तिथे बऱ्याचदा ॲलर्जी नसतेच. वाऱ्यावर उडणारी रसायनं नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या संवेदी नसांना डिवचतात, दमा किंवा मायग्रेन असेल तर त्याला चाळवतात. “पहिल्या प्रकारासाठी पॅच टेस्ट आहे, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून बघायची चाचणी. दुसऱ्या प्रकारासाठी तुमची वही आहे, आणि वस्तू काढून बघणं आहे. एका चाचणीकडून दोन्हींचं उत्तर मागू नका.” हे वाक्य मला सहा महिने आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी त्यांना विचारलं, मग रक्त तपासून होणार नाही का? नातेवाइकांनी ते आणि हाताला टोचून करायची चाचणी सुचवली होती. त्या म्हणाल्या, या दोन्ही चाचण्या परागकण, धुळीतले कीटक अशा लगेच उमटणाऱ्या ॲलर्जीसाठी. सुगंधामुळे होणारा हा पुरळ त्यात सापडत नाही. पैसे जातील आणि ‘काही नाही’ असा कागद हातात येईल.

पॅच टेस्ट लगेच झाली नाही. जानेवारीतल्या गोळ्यांमुळे खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो म्हणून काही आठवडे थांबावं लागलं. त्यातही डॉक्टरांकडे ही चाचणी महिन्यातून एकाच आठवड्यात करत, कारण सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तिन्ही दिवस लागतात. नंबर मिळाला मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचा. फोनवर नाव नोंदवताना मी चार गोष्टी विचारल्या, त्या तुम्हीही विचारा: शुल्कात दोन्ही वाचनांच्या (म्हणजे पाठीवर काय उमटलं ते बघण्याच्या) भेटी धरल्या आहेत का, सुगंधांची जादा मालिका, म्हणजे तपासायच्या पदार्थांचा संच, लावणार असतील तर तिचे वेगळे पैसे आहेत का, विम्यासाठी कोणता कागद मिळेल, आणि स्वतःच्या वस्तू आणल्या तर तपासतील का. माझ्या विम्याने आधी नकार दिला होता. डॉक्टरांनी निदानाच्या ओळीत ‘वारंवार होणारा संपर्कजन्य त्वचादाह, कारण शोधण्यासाठी’ असं लिहून दिल्यावर अर्धी रक्कम परत मिळाली. अर्ज भरल्यापासून सात आठवडे लागले.

चाचणीच्या आधी पाठीवर आठवडाभर कुठलंही स्टेरॉइड मलम लावायचं नव्हतं आणि पाठ उन्हात भाजू द्यायची नव्हती. खाजेच्या गोळ्या या चाचणीत फारशा आड येत नाहीत, तरी घेत असाल तर सांगायच्या.

सोमवारी सकाळी पालथं झोपवून नर्सताईंनी पाठीवर तीन पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर दोन रांगांत दहा चिमुकल्या ॲल्युमिनियमच्या वाट्या, टिकलीएवढ्या. प्रत्येकीत पेट्रोलियम जेलीत कालवलेला एकेक पदार्थ. ‘फ्रॅग्रन्स मिक्स एक’ नावाच्या वाटीत आठ घटक असतात: दालचिनीशी नातं असलेले सिनॅमल आणि सिनॅमिल अल्कोहोल, लवंगेतला युजेनॉल, त्याचा भाऊबंद आयसोयुजेनॉल, गुलाबाच्या वासातला जिरॅनिऑल, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, अमिल सिनॅमल आणि ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाचा अर्क. हे मिश्रण १९७७ पासून वापरात आहे. ‘मिक्स दोन’मध्ये आणखी सहा. शिवाय पेरू बाल्सम नावाचा डिंक (नाव पेरूचं, झाड एल साल्वादोरचं), आणि लव्हेंडरमधला लिनालूल, लिंबाच्या सालीतला लिमोनीन यांची हवा लागून बदललेली रूपं. ती शेवटची दोन नेहमीच्या मालिकेत सगळीकडे नसतात, मुद्दाम विचारावं लागतं. माझी लव्हेंडरची नोंद वहीत होती म्हणून डॉक्टरांनी ती लावली. मी नेलेली लोशनं आहेत तशी लावली. शाम्पू आणि कपड्यांची पावडर मात्र बाजूला ठेवली. अशा वस्तू तशाच झाकून ठेवल्या तर कुणाचीही कातडी भाजेल आणि त्यावरून ॲलर्जी ठरवता येत नाही.

पुढचे ४८ तास पाठ कोरडी ठेवायची. घाम येईल असं काही नको, वाकून वजन उचलणं नको. आंघोळ कंबरेखाली, वर ओल्या फडक्याने पुसून. जुना, गडद रंगाचा, सैल कपडा घाला, कारण खुणांची शाई कपड्याला लागते. पालथं झोपायची सवय नसेल तर पोटाखाली पातळ उशी घ्या. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. पट्टीखाली डाव्या बाजूला कुठेतरी चुरचुरत होतं आणि हात मागे नेऊन खाजवायची इच्छा आवरता आवरत नव्हती. नवरा म्हणाला, “मी फुंकर घालू का?” तेवढ्यानेही बरं वाटलं.

बुधवारी पट्ट्या काढल्या. अर्धा तास बसवून ठेवलं, कारण चिकटपट्टीची लाली आधी ओसरू द्यावी लागते. मग डॉक्टरांनी प्रत्येक चौकोनावरून बोट फिरवलं. नुसती लाली आणि हाताला लागणारा फुगीरपणा यात फरक असतो. मिक्स एकच्या जागी त्या थांबल्या. लिनालूलच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह लिहिलं. शुक्रवारी, ९६ तासांनी, चित्र पालटलं होतं. त्यांनी माझ्या मोबाइलवर पाठीचा फोटो काढून दाखवला. मिक्स एकच्या जागी गोल, लाल, उंचावलेला ठसा आणि त्यावर साबुदाण्याहून बारीक फोड. शेजारी, बुधवारी जिथे प्रश्नचिन्ह होतं, तिथे स्पष्ट, जाड, लाल वर्तुळ. दोन अधिक चिन्हं पहिल्याला, एक दुसऱ्याला (चिन्हं जितकी जास्त, तितकी ॲलर्जी ठळक). बाकी पाठ कोरी. मी शुक्रवारची भेट रजा मिळत नाही म्हणून टाळायच्या बेतात होते. टाळली असती तर लिनालूल निसटलंच असतं. दुसरं वाचन चुकवू नका.

मला रडू आलं. वाईट वाटलं म्हणून नव्हे. सात महिने मी स्वतःलाच विचारत होते की हे मनाचे खेळ तर नाहीत, आणि आता माझ्या पाठीवर उत्तर उमटलं होतं, हाताला लागेल असं.

आता ती बाटली. लिनालूल हा लव्हेंडरच्या वासातला मुख्य घटक. ताजा असताना तो फारसा त्रासदायक नसतो. बाटली उघडली की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते, हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि ॲलर्जी जडवतात ते हे. संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचंही तसंच. माझी बाटली दोन वर्षांपूर्वी उघडलेली होती, बूच नीट बसत नव्हतं, खिडकीत ठेवलेली. ज्या उशीवर मी रात्री गाल टेकवत होते त्यावर मी स्वतःच्या हाताने ते थेंब टाकत होते. ‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार’ हे मी कित्येकांना सांगितलं होतं. आता सांगत नाही. झाडातून आलेला रेणू आणि कारखान्यातला रेणू, त्वचेला एकच.

डॉक्टरांनी दोन पानी यादी दिली, प्रत्येक घटकाची लेबलवर दिसू शकणारी सगळी नावं. इथे युरोपातल्या नियमाचा मला फार उपयोग झाला. तिथे २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर २६ सुगंधी घटक नावानिशी छापावे लागतात, अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याहून जास्त असले तर. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ऐंशीच्या वर नेली, तिची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. लायरल नावाचं एक गंधद्रव्य तर ॲलर्जीच्या तक्रारींमुळे तिथे विक्रीतूनच हद्दपार झालं, २०२१ पासून. त्यामुळे एखाद्या वस्तूवर नुसतं ‘फ्रॅग्रन्स’ असेल तर मी तिच्या युरोपातल्या आवृत्तीचं लेबल शोधते. सूत्र तेच असेल याची खात्री नसते, अंदाज मात्र येतो. तीन उत्पादकांना ईमेलही केलं. एकाने चार दिवसांत घटकांची यादी पाठवली, एकाने ‘गोपनीय’ म्हणून कळवलं, एकाकडून आजवर उत्तर नाही. ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्या वस्तू घराबाहेर.

एका शब्दाने मला महिनाभर फसवलं, ‘अनसेंटेड’. त्याचा अर्थ वास येत नाही एवढाच. मूळ रसायनांचा वास झाकायला त्यात सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. शोधायचं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, आणि तरीही मागची यादी वाचायची. नवीन लोशन आणलं की मी डॉक्टरांनी शिकवलेली घरगुती पद्धत वापरते: कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. त्या जागी काही उठलं नाही तरच चेहऱ्याला. फक्त अंगावर राहणाऱ्या वस्तूंसाठी, साबण-शाम्पूसाठी नाही.

सगळ्यात चिवट निघालं फॅब्रिक कंडिशनर. काही कंडिशनरांतला सुगंध सूक्ष्म कुप्यांमध्ये भरलेला असतो, त्या धाग्याला चिकटून बसतात आणि कापड घासलं की फुटतात. म्हणूनच महिन्यापूर्वी धुतलेला टॉवेल तोंड पुसताना दरवळतो. कंडिशनर बंद करून तीन आठवडे झाले तरी माझी मान बरी होईना. शेवटी कळलं, मशीनच्या कप्प्यात आणि दाराच्या रबराच्या घडीत त्याचा बुळबुळीत थर होता. कप्पा काढून घासला, रबर पुसलं, रिकामं मशीन दोनदा गरम पाण्यावर चालवलं. चादरी सहा-सात धुण्यांनी सुटल्या. दोन जाड टॉवेल काही केल्या सुटले नाहीत, ते फरशीसाठी ठेवले आणि नंतर तेही टाकले.

घरात सासूबाईंना समजावणं मला अवघड वाटत होतं. स्वच्छ म्हणजे सुवासिक हे त्यांच्या मनात पक्कं, माझ्याही होतंच. मी त्यांना पाठीचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे दुखत असेल गं.” दुसऱ्या दिवशी फरशीच्या लिक्विडची बाटली त्यांनीच शेजारी देऊन टाकली.

एप्रिलअखेर त्वचा जवळपास स्वच्छ झाली. खोकला आणि डोकं मात्र ऑफिसच्या दिवशी तसंच. छातीच्या डॉक्टरांकडे फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, व्यवस्थित आली. त्यांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं साधन, दिला: सकाळ-संध्याकाळ तीन वेळा जोरात फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. घरी माझा आकडा ४१० च्या आसपास. ऑफिसमधल्या यंत्रात नवी कुपी बसवली त्या दोन दिवशी संध्याकाळी ३४० आणि ३५०. डॉक्टरांनी त्याला दमा म्हटलं नाही, ‘चिडलेली श्वासनलिका’ म्हटलं, आणि लेखी दिलं की सुवासिक फवाऱ्यांपासून दूर ठेवावं.

ऑफिसमध्ये मी आधी तोंडी सांगितलं होतं. उत्तर मिळालं, वास ही ज्याची त्याची आवड. मे महिन्यात लेखी अर्ज दिला. त्याला दोन्ही डॉक्टरांचे दाखले, पीक फ्लोचा तक्ता आणि एक पान माहिती जोडली: अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००९ मध्ये स्वतःच्या कार्यालयांत सुगंधी उत्पादनांवर मर्यादा घातल्या, संशोधक अ‍ॅन स्टाइनमन यांच्या २०१६ च्या अमेरिकेतल्या सर्वेक्षणात ३४.७ टक्के लोकांनी सुवासिक उत्पादनांनी त्रास होतो असं सांगितलं. लिमोनीनसारखी द्रव्यं घरातल्या ओझोनशी मिसळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण बनवतात. सर्वेक्षण लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेलं आहे, तेही मी लिहिलं. उगाच वाढवून सांगितलं की उरलेलंही कुणी मानत नाही. मागण्या तीनच ठेवल्या: आमच्या मजल्यावरचं फवारा यंत्र काढणं, फरशीचं लिक्विड बिनवासाचं करणं, माझी जागा खिडकीजवळ देणं. लोकांना परफ्युम बंद करायला लावा, असं मागितलं नाही.

पोच घ्यायला विसरू नका. माझा पहिला अर्ज हरवला. दुसऱ्यावर तारीख आणि सही घेतली. पाच आठवड्यांनी यंत्र निघालं, लिक्विड बदलायला सफाईच्या ठेकेदाराचा नवा करार होईपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, थांबावं लागलं. शेजारी बसणाऱ्या सहकारी ताईंशी बोलायला मी जास्त घाबरत होते. जेवणाच्या सुट्टीत एकटं गाठून म्हटलं, “तुमच्या आवडीबद्दल नाही, माझ्या छातीबद्दल बोलते आहे.” त्या क्षणभर ओशाळल्या. मग म्हणाल्या, “आधी का नाही बोललीस? मी संध्याकाळी निघताना लावत जाईन.” तेव्हापासून तसंच चालू आहे.

ॲलर्जी गेलेली नाही. ती बहुधा जन्मभर राहते, संपर्क टाळणं हाच उपाय. सप्टेंबरमध्ये एका लग्नाला गेले, तिथल्या हँडवॉशने हात धुतले आणि दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यांत फोड आले. यावेळी वही उघडली नाही, कारण माहीत होतं. मलम पाच दिवस, हात बरे. पर्समध्ये आता बिनवासाच्या साबणाची छोटी डबी असते, आणि फाइलच्या पहिल्या पानावर पाठीचा तो फोटो.